प्रयोगशाळेतल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

प्रबंधातल्या आभाराच्या पानाचा साचा ठरलेला असतो. त्यात 'प्रयोगशाळा कर्मचारी' यापलीकडे तुम्हाला जागा नव्हती, म्हणून हे उघड पत्र.

ट्रायटन एक्स-१०० हा विद्युतभार नसलेला सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखा फेस करणारा पदार्थ, आम्लात जांभळ्या परमँगनेटने किती वेगाने मोडतो, हा माझा विषय. सर्फॅक्टंट निदान दहापट जास्त ठेवायचा, म्हणजे वेग फक्त परमँगनेटवर अवलंबून आहे असं (स्यूडो फर्स्ट ऑर्डर) धरता येतं. मग ५२५ नॅनोमीटरच्या प्रकाशात परमँगनेटचा जांभळा रंग कसा उतरतो ते मोजायचं. वहीत हे दोन ओळींत मावतं.

पण ट्रायटन मधासारखा घट्ट, पिपेटमध्ये घेतला तर निम्मा काचेलाच राहतो. त्यात लिटरला सुमारे ०.२ मिलिमोलच्या पुढे त्याचे मिसेल, म्हणजे रेणूंचे पुंजके, बनतात आणि वेगाचं गणित बदलू शकतं, त्यामुळे अंदाजे द्रावण चालत नाही. "पिपेट ठेव खाली, वजनावर घे," असं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. पाणी काचेच्या कडेने सोडायला लावलंत, आणि खुणेपर्यंतचं शेवटचं पाणी फेस बसल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी.

क्युव्हेटवर, म्हणजे रंग मोजायच्या छोट्या पारदर्शक भांड्यावर, मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी थर धरायचा. तो तसाच राहिला तर पुढचं रीडिंग फुगतं. तो काढायला आम्लातलं पातळ ऑक्झॅलिक तुम्ही आधीच करून ठेवलेलं असायचं. भांडी घासायचा लिक्विड सोप मात्र माझ्या कपाटाजवळ फिरकू दिला नाहीत. त्यातही सर्फॅक्टंटच, परमँगनेट त्यालाही खाणार!

सगळ्यात जास्त आठवतो तो मे महिना. मला ३० ते ४५ अंशांवरची रीडिंग हवी होती. दहा अंश वाढले की वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे अर्ध्या अंशाचा फरकही आकड्यात दिसणार. आणि ठाण्यातल्या मे महिन्यात तापमान स्थिर धरायच्या बाथमधलं पाणी हीटर न लावताच ३० च्या वर! तुम्ही कँटीनमधून बर्फ आणलात आणि एकेक खडा टाकत तापमापीपाशी उभे राहिलात. जेवणाची सुट्टी टळून गेली, तरी तुम्ही हलला नाहीत.

तापमानाबरोबर वेग कसा बदलतो ते दाखवणाऱ्या अऱ्हेनियसच्या आलेखात तापमान उलटं मांडतात, म्हणून उजवीकडचा शेवटचा बिंदू ३० अंशांचा. तो रेषेवर बसलाय, मामा, आणि तो तुमचा आहे.

मी आता रबाळ्याला डिटर्जंटच्या लॅबमध्ये आहे. शनिवारी अर्धा दिवस असतो, तेव्हा ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला येते. प्रबंधाची एक प्रत खास तुमच्यासाठी बांधून घेतली आहे.

तुमची,
कोपऱ्यातल्या टेबलावरची विद्यार्थिनी