नकाशात एकच रंग भरून भागत नाही

संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पश्चिम आशियाचा रंगीत नकाशा होता, त्यात इस्रायल निळा, खाली लिहिलेलं 'ज्यू', आणि आजूबाजूला सगळं हिरवं, 'मुस्लिम'. झालं, संपला विषय! सोबतच्या लेखातपण शेवटपर्यंत 'ज्यू विरुद्ध अरब' हेच पालुपद. मी काही एक्स्पर्ट वगैरे नाही, पण आमचं बालपण अलिबागच्या इस्रायल आळीत, ज्यू शेजाऱ्यांमध्ये गेलं आणि २०१८ ला मे महिन्यात शेतीच्या टूरवर तिकडे जाऊनही आलो, म्हणून म्हटलं चार ओळी लिहाव्यात. चारच्या जास्त होतील, तुम्ही कापाल.

आधी आकडे. तिथली लोकसंख्या साधारण एक कोटी. त्यात ज्यू ७३ टक्क्यांच्या आसपास, अरब २१ टक्के, म्हणजे दर पाच माणसांमागे एक अरब, आणि उरलेले पाच-सहा टक्के 'इतर'. या हिशोबात पूर्व जेरुसलेमचे पॅलेस्टिनीही धरलेत, त्यातल्या बहुतेकांकडे नागरिकत्व नाही, फक्त राहायचा परवाना आहे, हेही सांगायला हवं नाहीतर आकडा फसवा होतो. आता अरब म्हणजे मुस्लिमच असं आपण धरून चालतो, तर तसं नाही. नाझरेथमध्ये अरब ख्रिश्चन आहेत, नेगेवच्या वाळवंटात मूळच्या भटक्या जमातींचे बेदुइन आहेत, डोंगरावर द्रूझ आहेत. आणि उलटंही आहे, कफर कामा नावाचं एक गाव आहे तिथली माणसं सुन्नी मुस्लिम आहेत पण अरब नाहीत, ती सर्केशियन, ऑटोमन काळात कॉकेशसमधून आलेली, घरात अजून त्यांचीच भाषा बोलतात आणि पोरं इस्रायलच्या सैन्यात जातात. हे तुमच्या नकाशात कुठल्या रंगात बसवणार?

हैफा शहरात तर मजाच आहे. डोंगराच्या उतारावर बहाई लोकांची ती प्रसिद्ध पायऱ्यापायऱ्यांची बाग आणि सोनेरी घुमट, दिल्लीचं लोटस टेंपल ज्यांचं तेच हे बहाई. त्याच डोंगरावर कबाबीर नावाची वस्ती आहे, तिथं अहमदिया मुस्लिम राहतात, ज्यांच्या पंथाचं मूळ आपल्या पंजाबातल्या कादियानचं.

पण मला सांगायचंय ते द्रूझांबद्दल. आम्हाला गाइडनं कार्मेल डोंगरावरच्या दालियात नावाच्या गावात नेलं. एका दुकानात पांढरी टोपी, काळी ढगळ विजार घातलेले म्हातारेबाबा बसलेले आणि त्यांची बायको उलट्या कढईसारख्या तव्यावर रुमालाएवढी पातळ रोटी भाजत होती, वर दह्याच्या चक्क्यासारखं लबने फासायचं, झातर नावाचा हिरवा मसाला भुरभुरायचा, घडी घालून हातात. (आमच्या ग्रुपमधल्या एकानं बॅगेतून शेंगदाण्याची चटणी काढून लावली, बाबांनी चाखून बघितली आणि अजून मागितली.) भिंतीवर दोन झेंडे, एक इस्रायलचा आणि एक पाच रंगांचा द्रूझांचा, आणि मधोमध युनिफॉर्ममधल्या दोन मुलांचा फोटो. हे लोक अरबी बोलतात, त्यांचा पंथ अकराव्या शतकात इस्माइली या शिया पंथातून फुटला, बाहेरच्याला धर्मात घेत नाहीत, आणि १९५६ पासून त्यांच्या पुरुषांना सैन्यात सक्तीची भरती आहे. इस्रायलमध्ये दीड लाखाच्या आसपास माणसं असतील त्यांची.

आम्ही परत आलो आणि जुलैत तिथल्या संसदेनं तो राष्ट्र-राज्याचा कायदा पास केला. देश ज्यू लोकांचा, आणि अरबी भाषा जी तोपर्यंत अधिकृत होती तिला नुसता 'विशेष दर्जा'. ऑगस्टमध्ये तेल अवीवच्या चौकात हजारो द्रूझ तेच पाच रंगांचे झेंडे घेऊन उतरले, सोबत ज्यू लोकपण होते. मला टीव्हीवर बघताना सारखे ते बाबा आठवत होते. दोन पोरं सैन्यात पाठवायची आणि वर हे ऐकायचं? कायदा अजून आहे तसाच आहे. तिथं सगळे गुण्यागोविंदानं राहतात असं मला अजिबात म्हणायचं नाही, २०२१ च्या मे महिन्यात लोद आणि अक्को शहरांत शेजारी शेजाऱ्यावर धावून गेले होते आणि त्याच वर्षी जूनमध्ये एक अरब इस्लामी पक्ष पहिल्यांदा सरकारात सामील झाला, दोन्ही एकाच देशात, महिन्याभरात.

आणि 'ज्यू' तरी एक आहेत का? युरोपातून आलेले, मोरोक्को, इराक, येमेनहून आलेले, सोव्हिएत युनियन फुटल्यावर आलेले जवळजवळ दहा लाख, इथिओपियातले ज्यांना १९९१ ला दीड दिवसात विमानांनी आणलं, चौदा हजारांच्या वर. आणि आपले कोकणातले बेने इस्रायल, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनिवार तेली', पेणकर, रोहेकर, नवगावकर. आमच्या शेजारच्या आजी नऊवारी नेसायच्या, मलिद्याला, म्हणजे देवाचे आभार मानायच्या त्यांच्या विधीला, पोहे-गूळ-खोबऱ्याचं ताट आमच्याकडे यायचंच. त्यांचा थोरला दीर आधीच इस्रायलला गेलेला, तो सांगायचा की १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी फतवा काढला, बेने इस्रायलांपैकी कुणाचं इतर ज्यूंशी लग्न ठरलं तर त्याच्या आईकडच्या पिढ्या तपासा! शेकडो वर्षं इथं शनिवार पाळला आणि तिथं जाऊन ज्यू असल्याचं सर्टिफिकेट दाखवायचं. मग जेरुसलेममध्ये धरणं धरलं, १९६४ ला सरकारला जाहीर करावं लागलं की हे लोक सर्व बाबतीत ज्यूच आहेत.

तुम्ही म्हणाल जुनं झालं ते. पण टूरमध्ये एक संध्याकाळ काढून मी अश्दोदला आजींच्या मुलाकडे गेलो होतो, मराठी अजून फर्स्ट क्लास, जेवणात बिरड्याची उसळ. त्याच्या मुलाचं लग्न ठरलेलं एका रशियन घरातल्या मुलीशी. मुलीचे वडील ज्यू, आई नाही, म्हणजे नागरिकत्व आहे, सैन्यात नोकरी करून झाली, पण धर्मगुरूंच्या वहीत ती ज्यू नाही. आणि तिथं लग्न फक्त आपापल्या धर्माच्या कोर्टातच होतं, ज्यू धर्मगुरूंचं म्हणजे रब्बींचं, शरिया, द्रूझ, चर्च, ज्याचं त्याचं वेगळं, सिव्हिल मॅरेज हा प्रकारच नाही. आपल्याकडे १९५४ पासून स्पेशल मॅरेज ॲक्ट आहे, त्याची किंमत तिथं बसून कळली. मग अशी जोडपी काय करतात, तर विमानानं सायप्रसला जातात, तिथं लग्न करतात आणि इकडे येऊन नोंद करतात. नवरा मुलगा हसत म्हणाला, "काका, आमच्या आजोबांच्या वेळेला आमच्या पिढ्या मोजत होते, आता आम्ही तिच्या मोजायच्या का?"

ऑक्टोबरात झालं त्यांचं लग्न. सायप्रसहून आल्यावर हॉल घेऊन मलिदा केला, फोटो पाठवलेत मला. ताटात पोहे आहेत, गूळ आहे, मध्ये गुलाब ठेवलाय आणि शेजारी रशियन सासूबाई डोक्याला रुमाल बांधून बसल्यात, हातात केळं.

आपला,
एक जुना वाचक, अलिबाग