थंडीतल्या ग्रीनहाऊसबद्दल मंजूस

गेल्फ, ऑन्टॅरिओ
2 ऑगस्ट

प्रिय मंजू,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. ओटावाच्या अंगणात आठ बाय दहा फुटांचं ग्रीनहाऊस उभं राहतंय हे वाचून फार आनंद झाला. पण अजित 1500 वॉटचा हीटर आणायला निघालाय असं लिहिलंयस, त्याला आधी थांबव. हिशेब बघ आणि मग ठरवा.

तुमच्या ग्रीनहाऊसच्या भिंती आणि छप्पर मिळून बाहेरच्या हवेला लागलेला पृष्ठभाग साधारण 29 चौरस मीटर होतो. 6 मिलिमीटरच्या दुपदरी पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या, पत्र्यातून दर चौरस मीटरला, आतबाहेरच्या तापमानातल्या प्रत्येक अंशामागे सुमारे 3.6 वॉट उष्णता निसटते. बाहेर उणे 25 आणि आत 5 अंश हवे असतील तर फरक 30 अंशांचा. 29 गुणिले 3.6 गुणिले 30, म्हणजे तीन हजार वॉटच्या वर. फटींतून जाणारी हवा वेगळीच. एका हीटरनं भागणार नाही, आणि एकाच सर्किटवर दोन लावलेत तर ब्रेकर पडेल. चौदा तासांच्या रात्रीला चाळीसहून जास्त युनिटं जळतील, तीही बहुतेक पॉलिकार्बोनेट तापवण्यात.

प्रोपेनचा बिनचिमणीचा हीटरही नको. एक किलो प्रोपेन जळलं की सुमारे 1.6 किलो पाण्याची वाफ होते, ती सगळी आतच राहते आणि पानांवर थेंब धरते. ज्वलन अपुरं झालं तर कार्बन मोनॉक्साइड माणसाला आणि इथिलीन रोपांना बाधतं.

आता मूळ मुद्दा. ओटावाच्या हिवाळ्यात भाजीला थंडीइतकाच अंधार अडवतो. डिसेंबरात तुमचा सर्वांत लहान दिवस पावणेनऊ तासांचाही भरत नाही. पुण्यात तो अकरा तासांचा असतो. साधारण 4 नोव्हेंबर ते 7 फेब्रुवारी दिवस दहा तासांहून लहान राहतो आणि त्या काळात पालेभाजीची वाढ जवळजवळ थांबते. हवा कितीही तापवलीस तरी थांबते. दक्षिण ऑन्टॅरिओतल्या लेमिंग्टनकडच्या मोठ्या ग्रीनहाऊसमध्ये थंडीतही टोमॅटो लागतात, पण त्यांच्यामागे बॉयलर असतात, वर दिवे असतात. घरच्या ग्रीनहाऊसनं त्यांची नक्कल करू नये. आपण नोव्हेंबर उजाडण्याआधी भाजी तीन चतुर्थांश वाढवून ठेवायची आणि मग तीन महिने ती जिवंत राखत थोडी थोडी खुडायची. म्हणून तुझा खरा हंगाम आत्ता, ऑगस्टात सुरू होतो.

मुख्य पीक पालक धर. 'जायंट विंटर' किंवा 'विंटर ब्लूम्सडेल' यांसारखं थंडी सोसणारं बी घे. भारतीय दुकानातलं 'ऑल ग्रीन' पालकाचं बी बीटच्या कुळातलं असतं, चवीला छान, पण थंडीला इतकं काटक नाही. ते उन्हाळ्यासाठी ठेव. पालकाची पेरणी 20 ऑगस्ट ते 5 सप्टेंबरच्या दरम्यान कर. अडचण अशी की माती 25 अंशांच्या वर तापलेली असली की पालकाचं बी नीट रुजत नाही, आणि ऑगस्टात तुमचं ग्रीनहाऊस भट्टीसारखं तापेल. तेव्हा दार आणि खिडकी उघडी ठेव, वाफ्यावर सावलीचं कापड ताण, बी रात्रभर भिजव, संध्याकाळी दीड सेंटिमीटर खोल पेर आणि उगवेपर्यंत सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपड. दोन ओळींत 20 सेंटिमीटर, दोन रोपांत 8 ते 10 सेंटिमीटर. विरळणी टाळू नकोस. दाट रोपांमध्ये हवा खेळत नाही आणि जानेवारीत पहिली कूज तिथेच लागते.

केल, म्हणजे कोबीच्या कुळातली पालेभाजी, आता लगेच ट्रेमध्ये लाव, सप्टेंबरच्या सुरुवातीला वाफ्यात हलव. कोथिंबिरीचे धणे हलके रगडून दोन फाका कर, भिजव आणि ऑगस्टअखेर पेर. फ्रॉस्ट कापडाखाली (थंडीपासून रोपं राखणारं पातळ कापड, त्याचं पुढे सांगते) ती बरीच थंडी काढते. मेथी 1 सप्टेंबरच्या आसपास दाट पेर. ती हलकी गोठण सोसते, कडक गोठणीत मान टाकते, म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सगळी उपटून खाऊन टाक. रिकाम्या झालेल्या जागेत पुन्हा काही पेरू नकोस, तसंच राहू दे. भिंतीलगतची वीसेक सेंटिमीटरची पट्टी सर्वांत आधी गोठते, तिथे मॅश नावाचं इथलं सॅलडचं पान लाव. त्याच्याइतकं चिवट दुसरं काही माझ्या माहितीत नाही.

वाफे दोनच कर, दोन्ही बाजूंना पाऊण मीटर रुंदीचे, मधे चालायला वाट. माती चांगली खोल भुसभुशीत कर, वर 5 सेंटिमीटर कुजलेलं कंपोस्ट घाल. नोव्हेंबर ते जानेवारी नत्राचं खत अजिबात नको. उजेड कमी असताना रोप ते वापरू शकत नाही, पानात नायट्रेट साठतं आणि पान लुसलुशीत होऊन बुरशीला बळी पडतं.

पैसे खर्च करायचेच तर आधी जमिनीखाली कर. सांगाड्याच्या कडेनं बाहेरून 60 सेंटिमीटर खोल चर खणा आणि त्यात 2 इंच जाडीचे एक्सपीएस नावाच्या उष्णतारोधक फोमचे बोर्ड उभे पुरा. याचा फायदा लोकांना खरा वाटत नाही, पण बाहेरची गोठलेली माती आतल्या वाफ्याची ऊब आडवी ओढून घेते आणि हा फोम तिला अडवतो. त्याच चरात पाव इंची जाळी लावली की उंदीरही अडतात; हिवाळ्यात पालक खाणारे ते पहिले. उत्तरेच्या भिंतीला आतून चंदेरी कागदाचा फोम बोर्ड लाव. तिकडून थंडीत ऊन येतच नाही. दक्षिणेकडे मात्र बबल रॅप लावायच्या मोहात पडू नकोस, डिसेंबरातला एक दहांश उजेड गमावणंसुद्धा महाग पडतं.

आतलं दुसरं आवरण सर्वांत मोलाचं. 9 गेजच्या गॅल्व्हनाइज्ड तारेच्या कमानी दर सव्वा मीटरवर रोव आणि त्यावर चौरस मीटरला 19 ग्रॅम वजनाचं फ्रॉस्ट कापड टाक. ते 85 टक्के उजेड आत सोडतं. जाड कापड जास्त ऊब देतं, पण उजेड खातं, म्हणून ते वेगळं ठेव आणि उणे 15 च्या खालच्या रात्री वरून दुसरा थर म्हणून घाल, सकाळी काढ. कापड पानांना टेकता कामा नये. टेकलं की ओल धरून तिथेच गोठतं आणि पान कापडाबरोबर फाटून येतं. कडा विटांनी किंवा वाळूच्या पिशव्यांनी दाब.

विजेची ऊब द्यायचीच तर मुळांना दे. मातीत पुरायची हीटिंग केबल मिळते, चौरस मीटरला साधारण 130 वॉट. एका वाफ्याला 270 वॉट पुरतात. तीन हजारांशी ताडून बघ. 15 सेंटिमीटर खोल नागमोडी अंथर, एक वळण दुसऱ्यावर चढू देऊ नकोस, लांब झाली म्हणून कापू नकोस, आणि खुरप्यापासून वाचवायला वर तारेची जाळी टाक. थर्मोस्टॅटचा सेन्सर मातीत 5 सेंटिमीटरवर ठेव आणि थर्मोस्टॅट 5 अंशांवर लाव. वीज जीएफसीआय सॉकेटमधूनच (गळती झाली की वीज लगेच तोडणारं सॉकेट), आणि ते इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घे. फक्त एकच वाफा असा ठेव, पालक आणि कोथिंबिरीचा.

पाण्याच्या काळ्या पिंपांबद्दल तू विचारलंस. 200 लिटर पाणी 12 अंशांवरून 2 अंशांवर उतरताना सुमारे 2.3 युनिट उष्णता देतं. रात्रीची गरज चाळीस युनिटांची असताना तीन पिंपांनी किती भागणार? शिवाय डिसेंबरातल्या ढगाळ आठवड्यांत ती तापतच नाहीत. ऑक्टोबर आणि मार्चमध्ये मात्र उपयोग होतो. जागा अडत नसेल तर उत्तरेच्या भिंतीशी एक ठेव, पण काठापासून चार बोटं रिकामं. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं.

थंडीपेक्षा जास्त पीक दमटपणानं जातं. राखाडी बुरशी, म्हणजे बॉट्रिटिस, साचलेल्या ओल्या हवेत दोन दिवसांत वाफा धरते. बाहेर उणे 5 असलं तरी स्वच्छ उन्हात आत 20-25 अंश होतात, तेव्हा तासभर छपराची खिडकी उघड आणि कापड बाजूला सार. छोटा पंखा सतत मंद चालू ठेव. पिवळं पान दिसलं की खुडून बाहेर टाक. पाणी डिसेंबर-जानेवारीत महिन्यातून एकदा, फार तर दोनदा, सकाळी दहा-अकराला, मातीवर, पानांवर नाही. बोट दोन पेरं खुपसून बघ. वाफसा असेल तर पाणी नको.

सकाळी पालक काचेसारखा कडक, जमिनीला लोळलेला दिसेल. घाबरू नकोस आणि हातही लावू नकोस. पाणी पेशींच्या मधल्या जागेत गोठलेलं असतं. ऊन आल्यावर सावकाश वितळतं आणि दुपारपर्यंत पान उभं राहतं. गोठलेलं असताना खुडलंस तर पेशी फुटून काळा लगदा होतो. काढणी नेहमी दुपारी, बाहेरची पानं आधी, गाभा शाबूत ठेवून. थंडीत पानात साखर वाढते, जानेवारीतल्या पालकाची गोडी तुला उन्हाळ्यात मिळणार नाही.

सांगाड्याकडे लक्ष दे. किटची ग्रीनहाऊस थंडीपेक्षा वाऱ्यानं जास्त मोडतात. चारही कोपरे जमिनीत अँकरनं बांधा आणि प्रत्येक पत्र्याच्या कडेला खाचेत सिलिकॉन भरा. पत्र्याची यूव्ही लेप असलेली बाजू बाहेर, पत्र्यातल्या पोकळ नळ्या उभ्या, त्यांची वरची टोकं अ‍ॅल्युमिनियम टेपनं बंद. फूटभर भुसभुशीत बर्फ चौरस मीटरला तीसेक किलो भरतो, त्यावर पाऊस पडला की वजन कितीतरी वाढतं. तुमच्या भागात बर्फाळ पाऊस किती भार टाकू शकतो ते 1998 च्या जानेवारीत सगळ्यांनी पाहिलंय. बर्फ मऊ झाडूनं वेळीच उतरव, चिकटलेला ठोकू नकोस.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पालकाला नवी पानं फुटू लागतील. तेव्हा थोडं कंपोस्ट दे आणि पानांच्या मागे मावा शोध, तोही त्याच सुमारास जागा होतो. कीटकनाशक साबणाचं पाणी पानाच्या खालच्या बाजूला बसलं पाहिजे, पाच-सहा दिवसांनी पुन्हा.

कढीपत्त्याची कुंडी ग्रीनहाऊसमध्ये हिवाळा काढणार नाही. रात्री 10 अंशांवर आल्या की, म्हणजे सप्टेंबरात, ती घरात दक्षिणेच्या खिडकीशी आण. वरची दोन इंच माती सुकल्यावरच पाणी, खत मार्चपर्यंत बंद. पानं गळली तरी खोड नखानं खरवडून हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.

पत्र्याची जाडी पावतीवर बघून कळव. 4 मिलिमीटर असेल तर उणे 25 ला आतलं जाड कापड दोन पदरी लागेल आणि ते आत्ताच मागवावं लागेल. अजितला आणि मुलांना सांग.

तुझी,
अलका