हायगेटच्या त्या घरातले दिवे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी लंडनमधल्या हायगेटला जाऊन स्टॅनहोप गार्डन्समधले ते घर बाहेरून पाहून आलो. एका बँडच्या जुन्या पत्त्यासाठी एवढी पायपीट कशाला, या बाबांच्या प्रश्नाचे उत्तर फोनवर नीट देता आले नाही, म्हणून हे पत्र.

पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचे रॉजर वॉटर्स, निक मेसन आणि रिचर्ड राइट हे १९६२ च्या सुमारास रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये वास्तुकला शिकत होते. तिथे अर्धवेळ शिकवणाऱ्या माइक लेनर्ड यांनी हे घर घेतले आणि त्यातल्या खोल्या या मुलांना भाड्याने दिल्या, एवढेच नव्हे तर दर्शनी खोलीत तालीम करण्याचीही मुभा दिली. ढोल-गिटारांचा तो गोंगाट सोसणारा घरमालक मला फार मोठा माणूस वाटतो. ते स्वतः विजेच्या मोटारींवर भोके पाडलेल्या तबकड्या फिरवून भिंतींवर प्रकाशाच्या आकृत्या उमटवण्याचे प्रयोग करीत असत.

केंब्रिजहून चित्रकला शिकायला आलेला सिड बॅरेट पुढे त्यांना मिळाला. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांची नावे जोडून बँडचे नाव त्यानेच ठेवले. सिगारेटचा लाइटर गिटारच्या तारांवरून घासत जाणे आणि तो आवाज प्रतिध्वनीच्या यंत्रातून घुमवणे, ही त्याची रीत होती. डिसेंबर १९६६ मध्ये टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या एका तळघरातल्या आयरिश नृत्यगृहात ‘यूएफओ’ क्लब सुरू झाला. तिथे हा बँड वाजवत असे, तेव्हा काचेवर रंगीत शाई टाकून, तिला उष्णता देऊन, हलणारे बुडबुडे वादकांच्या अंगावर सोडले जात. वादक ओळखू येत नसत. दिसत असे तो केवळ प्रकाश. बाबा, राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींत डिमर हाताशी धरून बसलेले तुम्ही मला आठवता, आणि प्रकाश हाही एक नट असतो हे तुमचे म्हणणे मला त्या बँडच्या बाबतीत अक्षरशः खरे वाटते.

आई, त्यांच्या घरच्यांना काय वाटले असेल, हे तू विचारशीलच. सिडचे वडील तो पंधरा वर्षांचा असताना वारले होते. बँडच्या गाण्यांची पहिली मोठी तबकडी ऑगस्ट १९६७ मध्ये आली. त्यातली बहुतेक गाणी सिडची होती. पण एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या अमली पदार्थाचे सेवन आणि ढासळत गेलेले मन यांमुळे १९६८ च्या जानेवारीत, एका कार्यक्रमाला निघताना, सोबत्यांनी त्याला घ्यायला जाणेच टाळले. तो तेव्हा बावीस वर्षांचा होता. पुढे तो केंब्रिजला आपल्या आईकडे परतला. मला त्या बाईंचा विचार वारंवार येतो.

बाबा, टेबलफॅनच्या मोटारीवर तुम्ही बसवलेले जिलेटिनचे चक्र माळ्यावर असेल, तर ते कृपया टाकून देऊ नका. दिवाळीत आल्यावर आपण ते पुन्हा चालू करून पाहू.

तुमचा,
अनिकेत