प्रागच्या ट्राममधल्या आजी, मनापासून आभार

आजी,

तुमचं नाव, पत्ता, फोन काहीच माझ्याकडे नाही आणि हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल असंही नाही, तरी लिहितेय, कारण मनात ठेवून राहवत नाहीये. काल माझ्या मैत्रिणीचं प्लास्टर निघालं आणि ती भिंत न धरता माझ्या खोलीपर्यंत चालत आली, तेव्हा आम्हा दोघींना सगळ्यात आधी तुम्हीच आठवलात.

आम्ही जर्मनीत ड्रेस्डेनला शिकतो. परीक्षा संपल्या होत्या, एल्बे नदीच्या काठाकाठाने जाणारी ट्रेन पकडली की काही तासांत प्राग, म्हणून वीकेंडला निघालो. दिवस खूप छान गेला हो आजी, तुमचं शहर खरंच सुंदर आहे. चार्ल्स ब्रिजवरचे पुतळे बघितले, 1410 सालच्या त्या खगोलीय घड्याळासमोर गर्दीत उभं राहून त्याच्या खिडक्या उघडून आतले पुतळे दिसायची वाट बघितली, वर किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथेड्रल बघितलं ज्याचं काम 1344 ला सुरू झालं आणि 1929 ला पूर्ण झालं, म्हणजे किती पिढ्या खपल्या असतील त्यात. मग अंधार पडल्यावर नेरुदोवा रस्त्याने खाली उतरत होतो. पूर्वी घरांना नंबर नव्हते म्हणून तिथे दारांवर चित्रं आहेत ना, दोन सूर्य, लाल सिंह, असं एकेक बघत येत होतो आणि तीन व्हायोलिनवाल्या घरासमोर पावसाने ओल्या झालेल्या दगडावरून मैत्रिणीचा पाय सटकला. घोटा आत वळला. ती ओरडली नाही, नुसती पांढरी पडली, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

त्यानंतरचा अर्धा-पाऊण तास मी विसरणार नाही. एका रेस्टॉरंटमध्ये दोन मिनिटं खुर्ची द्या म्हणून विचारलं तर ऑर्डर करणार असाल तरच बसा म्हणाले, पाय समोर दिसत होता तरी. टॅक्सीवाल्याने पाच-सात मिनिटांच्या अंतराला 1,500 कोरुना सांगितले आणि मी एवढे कसे म्हटल्यावर काच वर केली. आम्ही उतरलो होतो त्या हॉस्टेलला फोन केला, जवळचं हॉस्पिटल कुठलं एवढंच विचारायचं होतं, तर तो रिसेप्शनवाला म्हणाला की हे आमचं काम नाही आणि फोन ठेवून दिला. यातल्या कुणाचंही काही जाणार नव्हतं आजी, एक खुर्ची आणि एक पत्ता, बस. अजून राग येतो मला.

कशीबशी लंगडी घालत तिला खालच्या चौकातल्या ट्राम स्टॉपवर आणली आणि 112 लावायला फोन काढला, तेवढ्यात तुम्ही आलात. हातात कापडी पिशवी, त्यात ब्रेड आणि कोबी. तुमची ट्राम समोर येऊन उभी राहिली, तुम्ही एक पाऊल वर टाकलंही होतं, आणि आमच्याकडे बघून परत खाली उतरलात. ट्राम निघून गेली.

बूट काढल्यावर परत चढतच नव्हता एवढी सूज होती, आणि त्या थंडीत तिचा पाय नुसत्या पातळ मोज्यात. तुम्ही पिशवी बाकावर ठेवली, ग्लोव्हज काढले, आणि तिच्या पायाला हात लावायच्या आधी स्वतःचे तळहात एकमेकांवर घासलेत, तोंडाजवळ नेऊन फुंकर घातलीत, परत घासलेत, एकदा स्वतःच्या गालाला लावून बघितलेत की गरम झालेत का, आणि मग हळूच तिचा घोटा दोन्ही हातांत धरलात. आजी, हॉस्पिटलमध्ये कुणीतरी कधीतरी नेलंच असतं आम्हाला, पण गार हात लागून तिला अजून त्रास होऊ नये हा विचार त्या घाईत तुम्हाला सुचला, तेही कोण कुठल्या मुलीसाठी, याला काय म्हणू मी. ती तेव्हाच रडायला लागली, तोपर्यंत एक थेंब काढला नव्हता तिने. मग तुम्ही गळ्यातला लोकरीचा स्कार्फ काढून बोटांपासून वरपर्यंत गुंडाळलात.

22 नंबरमध्ये तुम्ही आमच्यासोबत चढलात. आमची तिकिटं माझ्या हातातून घेऊन दाराजवळच्या पिवळ्या मशीनमध्ये पंच केलीत, कारण मी तिला धरून होते. एका मुलाला नुसतं बघून सीटवरून उठवलंत. पूल ओलांडताना ती डोळे घट्ट मिटून बसली होती, तर तिचा हात थोपटून खिडकीबाहेर सोनेरी छपराचं नॅशनल थिएटर दाखवलंत. नंतर मी वाचलं की ते लोकांनी वर्गणी काढून बांधलं, 1881 ला उघडलं आणि त्याच वर्षी आगीत गेलं, तर लोकांनी परत पैसे जमवून 1883 ला पुन्हा उभं केलं. तुम्ही एवढ्या अभिमानाने का दाखवत होतात ते तेव्हा कळलं मला.

हॉस्पिटलमधलं फार सांगत नाही, घोट्याला हेअरलाइन फ्रॅक्चर निघालं, आमच्या जर्मन विम्याच्या कार्डामागे युरोपियन कार्ड असतं ते चाललं, डॉक्टर बाई चांगल्या होत्या. नंबर लागेपर्यंत तुम्ही शेजारी बसून होतात. आमचा देश कुठला, दोघीच का फिरताय, एवढ्या रात्री बाहेर का, यातलं काही म्हणजे काही विचारलं नाहीत. बाहेर राहणाऱ्या मुलींना हे प्रश्न किती वेळा ऐकावे लागतात ते आम्हालाच माहीत, मदत करणारेसुद्धा आधी चौकशी करतात, आणि मदत झाल्यावर दोन शब्द सुनावतातच. तुम्हाला फक्त पाय दिसला. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्या पोरी अनोळखी शहरात बॅग घेऊन जाऊ शकतात, पोलीस, इन्शुरन्स, ॲप वगैरे सगळं ठीक आहे, पण स्टॉपवर उतरून थांबणारं माणूस लागतं.

आम्हाला आत बोलावलं आणि बाहेर आलो तर तुम्ही गेला होतात. स्कार्फ आमच्याकडेच राहिला, तो धुऊन ठेवलाय. उन्हाळ्यात सुट्टी लागली की आम्ही परत येतोय, ट्रेन ठरवलीय, आणि संध्याकाळी त्याच स्टॉपवर त्याच वेळेला थांबून बघणार आहोत. तुम्ही भेटलात तर फार बरं होईल, मैत्रिणीला तुमच्यासमोर चालून दाखवायचंय.

काळजी घ्या आजी. खूप खूप आभार.

ड्रेस्डेनच्या त्या दोघी