प्रोजेक्टर चालवणारे हात बोलते करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळच्या सुट्टीत आम्ही घरची सहा माणसं मुंबईत पेडर रोडवरचं भारतीय चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय पाहून आलो. मुलांनी दुसरी दोन-तीन ठिकाणं सुचवली होती. पण स्वतःसाठी कधी काही न मागणारे माझे वडील म्हणाले, "मला एकदा ते बघायचंय," आणि विषय तिथेच मिटला. वडील आज शहात्तर वर्षांचे आहेत. १९६८ ते २०१२ अशी चव्वेचाळीस वर्षं त्यांनी आमच्या तालुक्याच्या गावी थिएटरात प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर म्हणून काढली. त्याआधी दोन हंगाम यात्रा-जत्रांतून फिरणाऱ्या सिनेमाच्या तंबूवर जनरेटर सांभाळला. त्या दिवशी जे पाहिलं आणि त्याहून जास्त जे ऐकलं, त्यातून एक विनंती मनात पक्की झाली. ती आपल्या वाचकांपुढे मांडावी म्हणून हे पत्र.

सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोडहून दादर, तिथून टॅक्सी. पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात एकोणिसाव्या शतकातला 'गुलशन महल' हा बंगला आणि शेजारी नवी इमारत, असं हे संग्रहालय आहे. जानेवारी २०१९मध्ये त्याचं उद्घाटन झालं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी मुलांना घेऊन जरूर जावं, सोमवार तेवढा सोडून. मूकपट, बोलपट, स्टुडिओंचा काळ असं एकेक दालन ओलांडत जाताना शंभर वर्षं पायाखालून जातात. नाशिकच्या माणसाला तर तिथे आपल्या घरचंच कौतुक चालल्यासारखं वाटतं. दादासाहेब फाळके आमच्या त्र्यंबकेश्वरचे. मुलीला 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३, गिरगावचं कोरोनेशन थिएटर एवढं शाळेमुळे पाठ होतं. तारामतीचं काम अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केलं होतं, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

माझी आई फाळक्यांपेक्षा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंच्या गोष्टीत जास्त रमली. कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायची, रसायनं कालवायची, उजेड परतवायला उन्हात पांढरी चादर धरून उभं राहायचं आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक. दागिने काढून दिले ते वेगळंच. आई एवढंच म्हणाली, "तिचा फोटो मोठा लावायला पाहिजे." मला ते पटलं.

जुन्या यंत्रांपाशी आलो तेव्हा वडील एका प्रोजेक्टरसमोर उभे राहिले ते हलेचनात. हात मागे बांधलेले, कारण यंत्राला हात लावायचा नसतो हे त्यांना कळतं. पण बोटं मागच्या मागे फिल्म ओवत होती, हे मी पाहिलं. मुलाने विचारलं, "आजोबा, हे कसं चालतं?" मग ते बोलायला लागले.

"हे गेट. इथे फिल्म थांबते. सेकंदाला चोवीस वेळा थांबते, चोवीस वेळा खाली सरकते. सरकताना आपल्याला दिसू नये म्हणून मध्ये शटर फिरतं. तेवढा वेळ पडद्यावर अंधारच असतो."

"मग आवाज का नाही अडखळत?"

हा प्रश्न नातवाला सुचला याचा त्यांना इतका आनंद झाला की ते गुडघे दुखत असूनही त्याच्यासमोर उकिडवे बसले. "आवाज इथे नाहीच. तो खाली, साउंड हेडवर, म्हणजे फिल्मवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर. तिथे फिल्म पाण्यासारखी सरळ वाहते. म्हणून चित्र इथे असतं तेव्हा त्याचा आवाज वीस फ्रेम पुढे छापलेला असतो. मधला लूप, म्हणजे फिल्मचा सैल वळसा, जास्त मोठा झाला की संपलं. बाईचे ओठ आधी हलणार आणि गाणं मागून येणार."

एव्हाना आजूबाजूची पाच-सहा पोरं जमली होती. एका गृहस्थांनी आदराने विचारलं, "काका, तुम्ही इथेच असता का?" वडिलांनी नाही म्हणून मान हलवली आणि उठून पुढच्या दालनात गेले. तो प्रश्न माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

परतीच्या गाडीत ते ठाण्यापासून इगतपुरीपर्यंत बोलत होते. मी त्यांचा मुलगा, प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये डबा घेऊन जायचो, तरी यातलं निम्मं मला पहिल्यांदाच कळलं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकून जातो. तो दिसला की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका आला की त्याच क्षणी पहिलं बंद, दुसरं चालू. एका खेळात असं कितीदा, दिवसाला चार खेळ, वर्षाचे किती दिवस, हे त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मग सोडून दिलं. पिटातल्या माणसाला तो ठिपका कधी दिसला नाही, यातच त्यांचं समाधान होतं.

आणि कार्बन! झेनॉनचा दिवा येण्याआधी उजेड कार्बनच्या दोन कांड्यांचा असायचा. एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह, दोघींच्या टोकांमध्ये जेमतेम अंतर, आणि त्या फटीत पांढरीशुभ्र ज्योत. काळ्या काचेतूनच तिच्याकडे बघायचं. पॉझिटिव्ह कांडी लवकर जळते, म्हणून एक हात सतत खिट्टीवर, दोन्ही कांड्या पुढे सरकवत राहायचं. अंतर वाढलं की पडदा पिवळा पडतो आणि खालून शिट्ट्या सुरू. मे महिन्यात केबिनमध्ये उभं राहवत नसे. उरलेली थोटकं वडील घरी आणायचे, आम्ही भावंडं त्यांनी अंगणात रेघा ओढून लंगडी खेळायचो. त्या थोटकांवर मायबाप प्रेक्षकांची किती रडणी-हसणी जळून गेली असतील, हे तेव्हा कुठे कळत होतं?

थिएटर डिजिटल झालं तेव्हा दोन्ही प्रोजेक्टर किलोच्या भावाने भंगारात गेले. वडिलांना त्या दिवशी कुणी बोलावलंही नव्हतं. बातमी कळून ते गेले तोवर टेम्पो निघून गेला होता. केबिनच्या कोनाड्यात त्यांची तेलाची बुधली आणि फिल्म जोडायचं ब्लेड तेवढं राहिलं होतं, ते घेऊन आले. मालकांवर माझा राग नाही, चालत नसलेला धंदा कुणी किती ओढायचा. पण एक फोन केला असता तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

आता विनंतीकडे येतो. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत मॅजेस्टिकला लागला. आज त्याची एकही प्रत शिल्लक नाही. आपण जपलं नाही, म्हणून गेलं. अलीकडे राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून जुने चित्रपट दुरुस्त करून नव्याने उभे केले जात आहेत, हे फार मोठं काम आहे आणि ते करणाऱ्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण चित्रपट गावोगाव ज्यांच्या हातांनी पडद्यावर पोचला, ते ऑपरेटर आज सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. कार्बनवर काम केलेला माणूस आणखी दहा वर्षांनी शोधून सापडायचा नाही. पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्याच जागेवर चित्रपटाचं शिक्षण देणारी संस्था उभी आहे, तिथून जवळच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून फिल्म जपत आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी एकेक जिल्हा वाटून घ्यावा, या माणसांना कॅमेऱ्यासमोर बसवावं आणि केवळ आठवणी न विचारता कामाची रीत विचारावी. फिल्म तुटली तर किती सेकंदांत कशी जोडायची, आवाज घोगरा झाला तर आधी कुठे बघायचं, तंबूत वारा सुटला की पडद्याचं काय करायचं.

आणि देशात जिथे जिथे चित्रपटाची यंत्रं मांडली आहेत, तिथे सुट्टीच्या दिवसांत एखादा निवृत्त ऑपरेटर मानधन देऊन यंत्राशेजारी बसवावा, एवढं माझं मागणं आहे. काचेआडच्या यंत्राकडे पोरं दोन मिनिटं बघतात आणि पुढे जातात. माझ्या वडिलांभोवती ती पंचवीस मिनिटं थांबली होती, मी घड्याळ पाहिलं होतं. ज्यांच्या ताब्यात बंद पडलेली थिएटरं आहेत त्यांनाही हात जोडून सांगणं आहे, की प्रोजेक्टर विकायच्या आधी जवळच्या महाविद्यालयाला किंवा संग्रहालयाला एकदा विचारा आणि आपल्या ऑपरेटरला एक फोन करा.

मी रोज रात्री जेवणानंतर वडिलांचं अर्धा तास बोलणं मोबाइलवर टिपतो आहे. आतापर्यंत अकरा रात्री झाल्या. त्यांच्या ट्रंकेत कागदात गुंडाळलेल्या, न वापरलेल्या दोन कार्बनच्या कांड्या निघाल्या आहेत. कुठलंही संग्रहालय त्या पेटवून मुलांना तो उजेड दाखवायला तयार असेल, तर त्या घेऊन यायला वडील तयार आहेत. डीसी करंटसाठी रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारं यंत्र) लागेल आणि धूर जायला वर धुराडं, हे आवर्जून लिही, असं त्यांनी मला सांगितलं आहे.

आपला,
एक वाचक, नाशिकरोड