चेन्नईला निघण्याआधी

ती. बाबा, ती. आई, सा. न.

चेन्नईच्या बास्केटबॉल संघाला होकार कळवला आहे, सहीसुद्धा झाली. फोनवर सांगितलं असतं तर बाबा गप्प झाले असते आणि आई रडली असती, म्हणून लिहिते आहे.

बाबा, तुम्ही विचारलंत, "संघ बदलून खेळ सुधारतोय होय?" नुसता बदलून नाही सुधारत. पण अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या स्टीव्ह नॅशचं बघा. २००४ मध्ये डॅलस सोडून फिनिक्सला गेला तेव्हा तिशीत पोचला होता, पाठीची तक्रार होती. फिनिक्सचे प्रशिक्षक माइक डी'अँटोनी यांना पळता खेळ हवा होता, त्यांनी चेंडू त्याच्या हाती दिला. बास्केट करून देणारे त्याचे पास सामन्यामागे ८.८ वरून ११.५ वर गेले. आदल्या मोसमात २९ सामने जिंकलेला संघ ६२ जिंकला, आणि सलग दोन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. हात तेच होते की!

उलटंही होतं, ते लपवत नाही. त्याच लीगमधला रसेल वेस्टब्रुक २०२१ मध्ये लेकर्स संघाकडे आला, तिथं चेंडू आधीच लेब्रॉन जेम्सकडे. चेंडू हाती नसला की लांबून नेम धरावा लागतो, आणि तो काही त्याचा पिंड नाही. सामन्यामागे गुणांची सरासरी २२.२ वरून १८.५ वर आली. म्हणून मी पैशांआधी तिथल्या प्रशिक्षकांना एकच विचारलं, चेंडू पुढं कोण आणणार? त्या म्हणाल्या, तूच. पुण्यात मी कोपऱ्यात उभी राहून पासची वाट बघते, बाबा. पहाटे तुम्ही सायकलवर आणि मी पुढं टप्पे देत सात रस्त्यापर्यंत पळायची, तो माझा खेळ. तुम्हीच शिकवलेला. इथल्या लोकांनी मला खूप दिलं, त्यांच्याशी वाकडं काही नाही. सगळ्यांच्या पाया पडून निघणार आहे.

आई, तिथं खोलीत आम्ही दोघीच. नळाला रोज पाणी, आपल्यासारखं दिवसांआड नाही. जेवणात भात जास्त, पण तुझ्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी नेणारच आहे, जास्त कर. मुंबई-चेन्नई गाड्या सोलापूरवरूनच जातात, मध्ये बदलायची भानगड नाही. गड्ड्याच्या जत्रेला येईनच असं म्हणत नाही, सामने असतात. नंदीध्वज निघाले की मला व्हिडिओ कॉल लावा. अजून वाटतं, बाबांच्या खांद्यावर बसूनच ते नीट दिसतात.

आता ऐका. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. पाणी येईल त्या दिवशी हंडे दादा उचलेल, तू नाहीस. बाबा, उन्हाळ्यात अकरानंतर बाहेर पडायचं नाही, बँकेचं काम असलं तरी. बीपीची गोळी संपायच्या आत आणायची. डॉक्टरांकडची तारीख मी दादाला कळवली आहे, रागावू नका. रविवारी फोन करेन तेव्हा रिपोर्ट हातात घेऊन बसा, आकडे मला वाचून दाखवायचे.

तुमची,
छकुली