पाकिटातले जिवाणू जिवंत आहेत का? कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

खरीप तोंडावर आला की आपल्या खात्याचे कृषी सहायक गावोगाव बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक दाखवतात. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी रायझोबियम, म्हणजे पाकिटातून मिळणारं जिवाणू खत. बियाणं सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. सल्ला अगदी योग्य आहे. माझं गाऱ्हाणं पाकिटाबद्दल आहे. त्यातले जिवाणू आमच्या हाती पडतात तेव्हा जिवंत असतात का, हे आम्हाला कळायला काहीच मार्ग नाही.

सोयाबीन मूळचं चीनकडचं. त्याच्या मुळावर गाठी धरणारा जिवाणू हरभऱ्याच्या जिवाणूपेक्षा वेगळा, म्हणून एकाचं पाकीट दुसऱ्याला चालत नाही. कोवळं मूळ मातीत ठरावीक द्रव्यं सोडतं. ती ओळखून जिवाणू आपलं रसायन सोडतो, मग केशमूळ वळतं आणि त्याला आत घेतं. तिथे गाठ तयार होते. झाड त्याला साखर पुरवतं, तो हवेतलं नत्र झाडाच्या उपयोगाचं करून देतो. हे काम करणारं त्याचं विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने निकामी होतं, म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन हे लाल द्रव्य ऑक्सिजन आवरून धरतं.

हे डोळ्यांनी बघता येतं. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने झाड उपटू नये, कुदळीने मातीसकट काढावं. उपटलं तर गाठी जमिनीतच राहतात. मूळ पाण्यात खळबळून गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-लाल दिसली तर ती काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर झाडाला तिचा उपयोग नाही.

खत नियंत्रण आदेशानुसार भुकटीच्या रायझोबियममध्ये दर ग्रॅमला किमान 5 कोटी जिवंत पेशी लागतात, द्रवरूपात दर मिलिलिटरला 10 कोटी. पाकिटावर 'थंड व कोरड्या जागी ठेवा' असंही छापलेलं असतं. आणि मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, आमच्या तालुक्यातल्या एका दुकानात हीच पाकिटं पत्र्याखालच्या वरच्या फळीवर, खतांच्या गोण्यांशेजारी रचलेली मी पाहिली आहेत. दुकानदाराचाही फार दोष नाही. त्याच्यासाठी ती एक भुकटीच, तिला उन्हाचा त्रास होतो हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

जिथे सोयाबीन वर्षानुवर्षं घेतात तिथे आधीचे जिवाणू मातीत टिकून असतात, त्यामुळे मेलेलं पाकीटही खपून जातं. ज्या रानात सोयाबीन पहिल्यांदाच येतं तिथे मात्र फटका बसतो. पीक पिवळं पडतं, शेतकरी युरिया टाकतो, आणि 'जिवाणू खतात काही दम नाही' असं गावभर होतं.

माझी मागणी अशी. गुणवत्ता नियंत्रणाचे नमुने कारखान्यातून घ्याच, पण जूनमध्ये दुकानाच्या फळीवरूनही घ्या आणि पेशींची मोजणी बॅच क्रमांकासह जाहीर करा. तालुक्याच्या गोदामात थंड साठवणुकीची सोय करा. आणि जुलैअखेर कृषी सहायकांना प्रत्येक गावात काही झाडं खणून गाठी फोडायला लावा, रंगाची नोंद ठेवा. या शेवटच्या कामाला एक कुदळ आणि बादलीभर पाणी पुरतं, ते याच हंगामात सुरू करता येईल.

आपला,
लातूर जिल्ह्यातील एक सोयाबीन उत्पादक